ढीग समोर आहे: संशोधनग्रंथ, इतिहास आणि कादंबऱ्या चाळायच्या कशा

मिश्र ढिगापाशी नवखा वाचक एक ठरावीक चूक करतो. सगळी पुस्तकं तो एकाच कसोटीवर घासतो: मुखपृष्ठ पाहायचं, पाठराखण (मागच्या बाजूचा परिचयाचा मजकूर) वाचायची, मधलंच एखादं पान उघडायचं आणि मत बनवायचं. कादंबरीच्या बाबतीत हे अर्धंमुर्धं चालून जातं. संशोधनग्रंथ मधल्या पानावर बहुधा कंटाळवाणाच दिसतो, कारण तिथे एखाद्या तक्त्याचा किंवा उपमुद्द्याचा काथ्याकूट चाललेला असतो आणि मूळ प्रश्न शंभर पानं मागे राहिलेला असतो. इतिहासाचं पुस्तक उलट्या बाजूने फसवतं. मधलं पान रंगतदार निघालं की ते विश्वासार्हही वाटू लागतं, आणि या दोन गुणांचं एकमेकांशी काही नातं नाही.

म्हणून आत शिरण्याचं दार पुस्तकाच्या जातीप्रमाणे बदलावं लागतं. संशोधनग्रंथात मागच्या दाराने, म्हणजे सूची आणि संदर्भांतून. इतिहासात साधनांतून. कथा-कादंबरीत वाक्यांतून.

बसण्याआधी

दीड तासाच्या बैठकीला दहा पुस्तकं पुरेत. तीन संशोधनग्रंथ, प्रत्येकी १२ मिनिटं. तीन इतिहासाची, प्रत्येकी १०. चार कथा-कादंबऱ्या, प्रत्येकी ६. बेरीज बरोबर ९० मिनिटं होते. दहाच्या वर गेलात की शेवटची चार पुस्तकं फक्त हाताळली जातात, चाळली जात नाहीत.

ढिगाला एक धागा असला तर काम सोपं होतं. उदाहरणादाखल पुढे ‘दुष्काळ’ हा विषय धरू. त्यावर अर्थशास्त्रीय अभ्यास असतात, इतिहास असतात, कादंबऱ्या असतात, आणि तिन्ही शेजारी ठेवली की एक पुस्तक दुसऱ्याची परीक्षा घेऊ लागतं. बसण्यापूर्वी एक प्रश्न कागदावर लिहा. ‘दुष्काळाबद्दल वाचायचंय’ हा प्रश्न झाला नाही. ‘दुष्काळात गाव सोडायचं की नाही हे घरात कोण ठरवत असे?’ हा झाला.

जवळ पेन्सिल, साध्या कागदाच्या पट्ट्या, पोस्टकार्डाएवढी दहा कार्डं आणि मोबाइल ठेवा. पेन नको. चिकट चिठ्ठ्याही नकोत: त्यांचा गोंद कागदावर राहतो, आणि जुन्या ठिसूळ कागदावरून चिठ्ठी ओढली तर तिच्यासोबत अक्षरंही येतात.

कपाटापाशी

बऱ्याच ग्रंथालयांत मांडणी अमेरिकी ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांच्या दशांश पद्धतीने असते. १८७६ साली आलेल्या या पद्धतीत सगळं ज्ञान ००० ते ९९९ अशा आकड्यांत बसवलेलं आहे. ३०० मध्ये समाजशास्त्रं, ८०० मध्ये साहित्य, ९०० मध्ये इतिहास आणि भूगोल. ऐकायला सोपं, पण इथेच पहिली ठेच लागते. एक विषय एका कपाटात नसतो. दुष्काळ हा अन्नपुरवठ्याचा प्रश्न म्हणून ३६३.८ मध्ये सापडेल, आर्थिक इतिहास म्हणून ३३०.९ मध्ये, शेतीचा प्रश्न म्हणून ६३० मध्ये, एखाद्या देशाच्या इतिहासाचा भाग म्हणून ९०० च्या घरात, आणि कादंबरी म्हणून ८०० मध्ये. मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६. तेव्हा आधी संगणकावरच्या तालिकेत, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या यादीत, विषय शोधा, कोणकोणते वर्गांक येतात ते टिपा आणि मग कपाटांकडे वळा. एकाच कपाटासमोर तासभर उभं राहिलं तर विषयाची एकच बाजू हाती लागते.

दुसरी ठेच दशांशाची. ९५४.१३ हा आकडा ९५४.२ च्या आधी येतो, नंतर नाही. टिंबानंतरचे आकडे एकेक करून, डावीकडून वाचायचे: १ हा २ च्या आधी, म्हणून .१३ हे .२ च्या आधी. ‘तेरा दोनपेक्षा मोठे’ असं मनात म्हणत शोधणाऱ्याला पुस्तक जागेवर असूनही दिसत नाही.

कादंबऱ्या पुष्कळ ठिकाणी वर्गांकाने न लावता लेखकाच्या आडनावाने वेगळ्या लावतात. ऐतिहासिक कादंबरी तिथे असते, इतिहासात नसते. चुकून इतिहासाच्या कपाटात आलेली दिसली तर तिच्याकडे इतिहास म्हणून पाहू नका, एवढंच.

हवं ते पुस्तक सापडलं की त्याच्या दोन्ही बाजूंची दोन-दोन पुस्तकंही पाहावीत. मुक्तद्वार ग्रंथालयाचा, म्हणजे जिथे वाचकाला स्वतः कपाटापर्यंत जाता येतं त्याचा, खरा लाभ हाच. वर्गीकरण करणाऱ्याने शेजार मुद्दाम जुळवलेला असतो. भारतीय ग्रंथालयतज्ज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली, त्यांतलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. कपाटातला शेजार हे त्या सूत्राचंच काम. बंद कपाटाची पद्धत असेल तर तालिकेत त्याच वर्गांकाची पुढची-मागची नोंद पाहा, साधारण तेच साधतं. वाचून परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉलीही पाहायला विसरू नका. तिच्यावर कुणी काही लावलेलं नसतं, त्यामुळे मिश्र ढीग आयता मिळतो.

पुस्तक काढताना पाठीचं वरचं टोक बोटाने ओढू नका, तिथलं कापड किंवा कागद आधी फाटतो. शेजारची दोन पुस्तकं किंचित आत ढकला आणि मधलं पाठीच्या मध्यावर धरून बाहेर घ्या.

हक्कांचं पान: पहिली दोन मिनिटं

पुस्तक कोणत्याही जातीचं असो, आधी शीर्षकपान आणि त्याच्या मागचं पान. मागच्या पानावर मुद्रणहक्क, आवृत्ती, मुद्रक, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) असा बारीक अक्षरांतला मजकूर असतो. पाठराखण विक्रीसाठी लिहिलेली असते. या पानाला काही विकायचं नसतं. इथे पाहायच्या गोष्टी चार.

पहिलं साल कोणतं? पुस्तक गेल्या वर्षी छापलेलं दिसतं, पण ‘प्रथमावृत्ती’ समोर १९३४ असेल तर मतं १९३४ ची आहेत. संशोधनग्रंथाबाबत यावर बरंच अवलंबून असतं. कादंबरीबाबत ते फक्त भाषेचा अंदाज देतं.

आवृत्ती की पुनर्मुद्रण? मराठी पुस्तकांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ‘आठवी आवृत्ती’ म्हणजे पुष्कळदा तोच मजकूर आठव्यांदा छापलेला. ‘सुधारित’ किंवा ‘संवर्धित’ हा शब्द असेल आणि त्या आवृत्तीची वेगळी प्रस्तावना असेल, तरच मजकूर बदलला असं धरा. आयएसबीएनची थोडी मदत होते: नुसत्या पुनर्मुद्रणाला जुनाच क्रमांक चालतो, मजकुरात मोठा बदल झाला तर नवा घ्यावा असा नियम आहे. कापडी बांधणी, कागदी बांधणी आणि ई-पुस्तक यांचे क्रमांक वेगवेगळे असतात. क्रमांक १० अंकी असेल तर ती प्रत बहुधा २००७ पूर्वीची, कारण १ जानेवारी २००७ पासून १३ अंकी क्रमांक लागू झाले. क्रमांकच नाही म्हणून पुस्तक संशयास्पद ठरत नाही. ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानक झाली १९७० साली, त्याआधीच्या पुस्तकांवर तो असणारच नाही.

इंग्रजी पुस्तकांत याच पानावर तळाला १० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ अशी आकड्यांची ओळ दिसते. त्यातला सर्वांत लहान आकडा मुद्रणाचा. इथे ती तिसऱ्या मुद्रणाची प्रत झाली.

अनुवाद असेल तर कशावरून? मूळ भाषेतून थेट, की इंग्रजीवरून? मूळ शीर्षक आणि मूळ साल छापलेलं आहे का? ‘स्वैर अनुवाद’, ‘रूपांतर’, ‘संक्षिप्त’ हे शब्द बारीक टायपात असतात, पण फार बोलके. संक्षिप्त कादंबरी वाचून मूळ लेखकाबद्दल मत बनवू नये.

चौथी गोष्ट जुन्या पुस्तकांच्या नव्या छपाईबद्दल. हक्क संपलेली पुस्तकं स्कॅन करून छापण्याचा धंदा मोठा आहे. त्यातल्या निकृष्ट प्रती ओळखू येतात: मूळ साल कुठेच नसतं, संपादकाचं नाव नसतं, मुखपृष्ठाचा विषयाशी संबंध नसतो, आत अक्षरं फिकट किंवा तिरकी असतात. मूळ पुस्तकातला घडीचा नकाशा स्कॅन करताना उलगडलेलाच नसतो, त्यामुळे छापील प्रतीत नकाशाच्या जागी घडीचा करडा चौकोन उरतो. मूळ जुनी प्रत मिळत असेल तर ही घेऊ नका.

वर्ष शके म्हणून दिलं असेल तर ७८ मिळवा. पण हे सरसकट नाही. शकाचं वर्ष चैत्रात बदलतं आणि इसवी सन जानेवारीत, त्यामुळे जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. शिवाजी महाराजांच्या जन्माची शके १५५१, फाल्गुन वद्य ३ ही तिथी घ्या. ७८ मिळवले तर १६२९ येतं, पण फाल्गुन वर्षाच्या शेवटी येतो, म्हणून साल १६३०.

संशोधनग्रंथ: मागच्या दाराने

आधी सूची उघडा, म्हणजे कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आला ते सांगणारी शेवटची यादी. मराठी पुस्तकांत ती शब्दसूची, व्यक्तिनामसूची, स्थलसूची अशा नावांनी येते, आणि पुष्कळदा येतच नाही. तीनशे पानांच्या अभ्यासग्रंथाला सूची नसणं ही प्रकाशकाची कंजुषी असते, लेखकाची अपात्रता नव्हे. तेव्हा त्यावरून पुस्तक बाद करू नका, अनुक्रमणिकेवर काम भागवा.

सूची असेल तर तीन शब्द शोधा: एक सर्वसाधारण (‘स्थलांतर’), एक अगदी नेमका (‘तगाई’, म्हणजे शेतकऱ्याला सरकारने दिलेलं कर्ज), आणि एक वादाचा, ज्याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. सर्वसाधारण शब्दासमोर ४० पानांचे आकडे सलग छापले असतील आणि उपनोंदी नसतील तर सूची यंत्राने काढलेली आहे, तिच्यावर फार वेळ घालवू नका. नेमका शब्द नसेल तर लेखक त्या खोलीपर्यंत उतरलेला नाही. वादाचा शब्द नसेल तर अधिक सावध व्हा: एकतर लेखकाला वाद ठाऊक नाही किंवा तो टाळलेला आहे.

नाव सापडत नसलं तर आडनाव, पहिलं नाव, प्रचलित नाव अशा तिन्ही ठिकाणी पाहा. क्ष आणि ज्ञ काही सूचींत क आणि ज च्या जोडाक्षरांत असतात, काहींत थेट शेवटी. शोधणारा एका जागी पाहतो आणि ‘नाही’ म्हणून पुस्तक मिटतो.

मग संदर्भग्रंथसूची. तिच्यात सर्वांत नवा संदर्भ कोणत्या सालचा आहे ते पाहून प्रकाशनाच्या सालाशी ताडा. दोन-चार वर्षांचं अंतर स्वाभाविक, संपादन आणि छपाईला तेवढा वेळ लागतोच. पंचवीस वर्षांचं अंतर असेल तर हा जुना प्रबंध नव्या वेष्टनात आला आहे. प्रबंध असणं वाईट नाही. पण मग पहिलं ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ प्रकरण बेलाशक वगळा, ते परीक्षकांसाठी लिहिलेलं असतं. नव्या संदर्भांबरोबर त्यांचे प्रकारही पाहा. निम्मे संदर्भ लेखकाच्या स्वतःच्याच लेखांचे असतील तर तो स्वतःशीच बोलत बसला आहे.

यानंतर पुढे या. प्रस्तावनेची शेवटची तीन-चार पानं वाचा, कारण प्रकरणवार आराखडा बहुधा तिथे असतो. नंतर उपसंहार पूर्ण. नंतर आपल्या प्रश्नाशी जुळणाऱ्या एका प्रकरणाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद. इथे एक कार्ड भरा: ‘लेखकाचं म्हणणं असं की…’ हे वाक्य पूर्ण करता येतं का? दहा मिनिटांनंतरही येत नसेल तर पुस्तक फार अवघड तरी आहे किंवा त्यात म्हणणंच नाही. हे ठरवायला एक तक्ता वाचा. तक्त्याखाली आधार दिलेला आहे का, टक्केवारी असेल तर ती किती जणांतली हे दिलं आहे का? ‘६० टक्के कुटुंबांनी गाव सोडलं’ हे पाच कुटुंबांतल्या तिघांबद्दलही खरं असू शकतं. तक्ते चोख असतील तर अवघडपणा सोसायला हरकत नाही.

संपादित ग्रंथाला हा क्रम लागू पडत नाही. बारा जणांचे बारा लेख एका म्हणण्यात बसत नाहीत. संपादकीय वाचा, आपल्या प्रश्नाचा एक लेख निवडा, तेवढाच पूर्ण वाचा आणि पुस्तक बाजूला ठेवा. अशा ग्रंथांत लेखांचा दर्जा कमालीचा वरखाली असतो. एका वाईट लेखावरून ग्रंथ फेकू नये आणि एका चांगल्या लेखासाठी विकतही घेऊ नये.

इतिहास: साधनं विचारा

इतिहासाच्या पुस्तकाला पहिला प्रश्न: हे तुम्हाला कसं कळलं? उत्तर तळटिपांत असतं. कोणतंही रंगतदार पान घ्या, त्यावरचे तीन ठाम दावे निवडा आणि प्रत्येकाची टीप शोधा. तिन्हींना टिपा असतील आणि त्यांतली किमान एक समकालीन साधनाकडे नेत असेल तर पुढे जा. तिन्ही टिपा दुसऱ्या लेखकांच्या पुस्तकांकडेच नेत असतील तर हे संकलन आहे. संकलनही उपयोगी असतं, फक्त त्याच्याकडे नव्या शोधाची अपेक्षा ठेवू नये.

टिपांत ‘तत्रैव’ म्हणजे लगेच आधीच्याच टिपेतलं साधन, ‘उपरोक्त’ म्हणजे आधी कुठेतरी उल्लेख झालेलं. दुसऱ्या प्रकाराचा माग काढायला मागची वीस-तीस पानं उलटावी लागतात. आधी संदर्भसूचीतच लेखकाचं नाव गाठा, वेळ वाचतो. टिपा प्रकरणाच्या किंवा पुस्तकाच्या शेवटी असतील तर तिथे कागदाची एक पट्टी कायम ठेवा, नाहीतर दोन मिनिटांत टीप पाहण्याचा कंटाळा येतो.

साधनांच्याही जाती आहेत. पत्र, फर्मान, हिशेब, महजर (सभेतल्या निवाड्याचा कागद) हे त्या त्या वेळच्या कामासाठी लिहिलेले असतात. लिहिणाऱ्याला इतिहास सांगायचा नव्हता, म्हणून ते मोलाचे. बखरी बहुधा घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी, काही तर शंभर वर्षांहूनही उशिरा, कुणाच्या तरी आज्ञेवरून किंवा घराण्याच्या अभिमानापोटी लिहिलेल्या. त्या काळच्या लोकांना काय घडलं असं वाटत होतं यासाठी बखर उत्तम. नेमकी तारीख आणि सैन्याचा आकडा यासाठी भरवशाची नाही. सरकारी अहवालाचं वेगळंच. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाचा अहवाल १८८० साली आला. अशा अहवालात सरकारने जे मोजलं ते तपशीलवार सापडतं, जे मोजायचं त्याला सुचलंच नाही ते सापडत नाही. पुस्तक केवळ अहवालांवर उभं असेल तर ‘घरात कोण ठरवत असे’ या प्रश्नाला त्यात उत्तर मिळणं कठीण. तिथे ओव्या, आठवणी, पत्रं लागतात. म्हणजे साधनांची यादी पाहूनच आपला प्रश्न या पुस्तकात सुटेल की नाही याचा अंदाज येतो.

आकड्यांची कसोटी लावा. मोठ्या दुष्काळातल्या किंवा लढाईतल्या मृतांचा एकच ठाम आकडा, टीपेविना, दिलेला असेल तर लेखकाने तो कुठूनतरी उचललाय. १८७६-७८ च्या मृत्यूंचे अंदाज लाखालाखांनी वेगळे आहेत. जाणकार लेखक दोन-तीन अंदाज देतो आणि आपण कोणता का मानतो ते सांगतो.

तारखांच्या बाबतीत नवखे लोक नाहक लेखकावर चुकीचा आरोप करतात. पोर्तुगिजांनी १५८२ सालीच ग्रेगरियन, म्हणजे आजची, दिनदर्शिका घेतली, इंग्रजांनी १७५२ साली. त्यामुळे सतराव्या शतकातली एकच घटना पोर्तुगीज पत्रात इंग्रजी पत्रापेक्षा १० दिवस पुढच्या तारखेची दिसते. शिवाय इंग्रजांचं वर्ष १७५२ पूर्वी २५ मार्चला सुरू होई; १६७४/७५ अशी जोडतारीख छापलेली दिसते ती याचमुळे, मुद्रणदोष नव्हे. पेशवाईच्या कागदांत सुहूर सन ही वेगळी कालगणना येते, तिच्या वर्षात ५९९ मिळवावे, आणि जानेवारीपासून मेपर्यंतची तारीख असेल तर ६००. लेखकाने यातली कोणती पद्धत वापरली हे प्रस्तावनेत किंवा टिपांच्या सुरुवातीला सांगितलेलं असलं की समजावं, माणूस काळजीने काम करणारा आहे.

नकाशे, वंशावळ, परिशिष्टं उलटून पाहा. मजकुरात पाच वेळा येणारं गाव नकाशात नसेल तर नकाशा दुसऱ्या पुस्तकातून आणून चिकटवलेला आहे. अस्सल पत्रांच्या नकला परिशिष्टात दिल्या असतील तर पुस्तकाचं मोल दुप्पट. मुख्य मजकूर पटला नाही तरी परिशिष्ट कामाला येतं.

इतिहास आणि ऐतिहासिक कादंबरी यांच्या सीमेवरची पुस्तकं सर्वांत घातक. ओळखायची खूण सोपी: बंद खोलीतला संवाद अवतरणचिन्हांत दिला आहे आणि टीप नाही, किंवा मेलेल्या माणसाच्या मनात काय चाललं होतं ते ठामपणे सांगितलं आहे, तर ती कादंबरी. शेवटी साठ ग्रंथांची सूची जोडली म्हणून तिचा इतिहास होत नाही. कादंबरीकाराने किती वाचलं एवढंच त्या सूचीवरून कळतं. कोणतं वाक्य कुठून आलं ते कळत नाही.

कथा-कादंबरी: वाक्यं ऐका

इथे सूची नाही, टिपा नाहीत, आणि पाठराखणीवर विसंबलात तर शेवटही फुटलेला असतो. म्हणून तिच्याकडे शेवटी पाहा किंवा पाहूच नका.

पहिली दोन पानं वाचा. पहिलं पान लेखकाने सर्वांत जास्त वेळा घासलेलं असतं, त्यामुळे ते चांगलं असणारच. खरी कसोटी एक-तृतीयांशावर: २४० पानांची कादंबरी असेल तर ८० व्या पानाच्या आसपास एक सबंध प्रसंग. तोवर सुरुवातीचा जोर ओसरलेला असतो आणि लेखक रोजच्या चालीने लिहीत असतो. शेवटची पन्नास पानं उघडू नका.

त्या प्रसंगात संवाद पाहा. बोलणाऱ्यांची नावं हाताने झाकली तर कोण बोलतंय ते कळतं का? अडाणी म्हातारी आणि प्राध्यापक एकाच लयीत बोलत असतील तर पुढेही बोलतील. मग दोन परिच्छेद ओठ हलवत वाचा. अनुवादात याचा फार उपयोग होतो: जीभ अडखळते तिथे बहुधा मूळ भाषेची वाक्यरचना तशीच राहिलेली असते. एखाद-दुसरी अडखळ माफ, पानाला चार असतील तर दुसरा अनुवाद शोधा. बोलीतली कादंबरी मात्र पहिल्या दहा पानांवरून सोडू नका, कान सरावायला तेवढा वेळ लागतोच.

कथासंग्रहात सर्वांत छोटी कथा पूर्ण वाचा. तोकड्या जागेत लेखकाला काय साधतं ते तिथेच दिसतं. मालिकेतली कादंबरी असेल तर क्रम हक्कांच्या पानावर किंवा शीर्षकपानासमोर असतो.

पडद्यावर चाळताना

विक्रीच्या संकेतस्थळांवरची नमुना पानं साधारणपणे सुरुवातीची असतात. कादंबरीला ती पुरतात. संशोधनग्रंथाचं मागचं दार मात्र त्यांत बंदच. सूची आणि संदर्भ दिसत नाहीत. अशा वेळी गूगल बुक्स किंवा इंटरनेट आर्काइव्हवर तेच पुस्तक आहे का पाहा आणि आपले तीन शब्द मजकुरात शोधा.

मराठीत हा शोध फसतो, आणि कारणं ठरलेली आहेत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत अनुस्वार जागोजागी आहेत: कांहीं, नांव, घरांत, लोकांनीं. ‘दुष्काळात’ शोधलंत तर ‘दुष्काळांत’ सापडणार नाही. नुसतं ‘दुष्काळ’ शोधा, प्रत्यय लावू नका. संस्कृतातून आलेल्या शब्दांचा शेवटचा इकार-उकारही त्या काळी ऱ्हस्व असे: कवि, हरि, गुरु. दुसरं कारण स्कॅनमधून अक्षरं ओळखणाऱ्या यंत्राचं. जोडाक्षरं आणि जुने टाइप ते चुकीचे वाचतं, घ चा ध होतो, भ चा म. म्हणून जोडाक्षर नसलेला शब्द निवडा, आणि ‘निकाल नाहीत’ आलं तर अनुक्रमणिकेवरून थेट त्या पानावर जा. तिसरं कारण अगदी क्षुल्लक, पण हमखास नडणारं: ‘ॲ’ हे अक्षर संगणकावर दोन प्रकारे टाइप होतं, दिसतं एकच, शोध मात्र त्यांना वेगळं मानू शकतो.

प्रत तपासणं

पुस्तक घरी न्यायचं ठरलं की एक मिनिट प्रतीला. पुस्तकं मोठ्या कागदावर छापून घड्या घालून बांधली जातात. अशा एका घडीला छापखान्यात फॉर्म किंवा फर्मा म्हणतात, आणि तो बहुधा ८ किंवा १६ पानांचा असतो. बांधणीतली चूक सुट्या पानाची नसते, सबंध फर्म्याची असते: १६ पानं गायब, १६ पानं दोनदा, किंवा १६ पानं उलटी. दर सोळाव्या पानाचा क्रमांक भरभर पाहिला की चूक सापडते. चित्रपानांना क्रमांक नसतो, ती चित्रसूचीशी ताडून मोजा.

पाठीच्या कण्यात डोकावून दोरा दिसतो का ते पाहा. शिवलेलं पुस्तक वर्षानुवर्षं टिकतं. नुसत्या गोंदाचं पुस्तक पूर्ण उघडून दाबलं की मधोमध तडकतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्याच्या उत्तरार्धापर्यंतचा बराचसा कागद आम्लयुक्त आहे. तो पिवळा पडतो आणि कोपऱ्याला तुकडे होतात. असं पुस्तक सपाट उघडू नका, दोन्ही बाजूंना आधार द्या, पान वरच्या कोपऱ्यातून उलटा, बोट ओलं न करता. कुबट वास आला तर बुरशी असू शकते. ते पुस्तक इतरांशेजारी ठेवू नका.

नोंद आणि परतावा

प्रत्येक कार्डावर पाच ओळी: लेखक, शीर्षक आणि पहिलं साल; बोधांक (पुस्तकाच्या पाठीवरचा, कपाटातली जागा सांगणारा क्रमांक); एका वाक्यात म्हणणं (कादंबरी असेल तर आवडलेलं एक वाक्य आणि त्याचं पान); एक शंका; निकाल. निकाल तीनच प्रकारचे ठेवा: पूर्ण वाचायचं, अमुक पानं वाचायची, नको. ‘नंतर बघू’ हा चौथा प्रकार सुरू केलात की सगळी कार्डं तिकडेच जातात. ‘नको’ची कार्डंही जपून ठेवा, नाहीतर तेच पुस्तक वर्षभरात पुन्हा हातात येतं आणि पुन्हा बारा मिनिटं खातं.

मोबाइलवर फोटो काढायचा असेल तर आधी शीर्षकपान, मग हक्कांचं पान, मग हवं ते पान, याच क्रमाने. नुसत्या आतल्या पानाचा फोटो महिन्याभराने कोणत्या पुस्तकाचा ते कुणालाच सांगता येत नाही.

उरलेली पुस्तकं स्वतः कपाटात लावायला जाऊ नका. एका जागेने चुकलेलं पुस्तक एखादे वेळी सापडेल, पण दुसऱ्या कपाटात गेलेलं पुढच्या मोजणीपर्यंत हरवल्यातच जमा. ती टेबलावर किंवा ट्रॉलीवर ठेवा, पाठी बाहेरच्या बाजूला करून, आणि आत राहिलेल्या कागदाच्या पट्ट्या काढून घ्या.